अग्नी देण्याआधी: अंत्यविधीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

नवीन मुलगा कामाला आला की पहिले पंधरा दिवस मी त्याच्या हातात सुतळी देत नाही. त्याने माझ्याबरोबर यायचं, मयताच्या घरी दारात चपला काढायच्या आणि तीनच गोष्टी करायच्या. नाव ऐकायचं, कागद वाचायचे, चेहरा बघायचा. तिरडी बांधणं दोन दिवसांत हातात बसतं, पण या तीन गोष्टी अंगवळणी पडायला वर्ष लागतं.

याचं कारण सरळ आहे. दफन केलेला देह दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने पुन्हा बाहेर काढता येतो, त्याची तपासणी होऊ शकते. दहनानंतर ती वाट बंद होते. हाडांचे पांढरे तुकडे आणि राख यावरून माणूस कोण होता, कशाने गेला, हे सहसा सांगता येत नाही. बोटात राहिलेली अंगठी, पोलिसांना न कळवलेला मृत्यू, शवागारातून चुकून आलेला दुसराच देह, यातली एकही चूक अग्नी दिल्यावर दुरुस्त होत नाही. म्हणून आपल्या कामाचा मोठा भाग चिता पेटण्याआधीच उरकलेला असतो. हा लेखही त्याच क्रमाने जातो. मी पुण्यात काम करतो, त्यामुळे उदाहरणं इथली आहेत. तुमच्या गावची पद्धत थोडी वेगळी असेल, पण क्रम बदलणार नाही.

पहिली पायरी: फोन

फोन बहुतेक वेळा घरातल्या माणसाचा नसतो. शेजारी, जावई, सोसायटीचे सेक्रेटरी असं कोणीतरी बोलतं. तरी प्रश्न ठरलेले ठेवा आणि उत्तरं वहीत लिहा. मृत्यू कुठे झाला, घरी की दवाखान्यात? किती वाजता? आजारपण होतं की अचानक? पडले, भाजले, अपघात, साप चावला, काही प्यायले असं काही आहे का? वय आणि साधारण वजन किती? छातीत पेसमेकर आहे का? नेत्रदानाचा विचार आहे का? कोणाची वाट बघायची आहे? तुमच्यात दहन करतात की दफन?

शेवटचा प्रश्न नवखे लोक विचारायला संकोचतात आणि आडनावावरून अंदाज बांधतात. तसं करू नका. लिंगायत समाजात देह बसवून दफन करतात, महानुभाव पंथात दफनाची रीत आहे, संन्याशाला समाधी देतात, तान्ह्या बाळाला बहुतेक घरांत पुरतात. बौद्ध घरांत दहन होतं, पण तिथे मंत्राग्नी नसतो. त्रिशरण-पंचशील म्हणतात आणि विधी भन्तेजी किंवा बौद्धाचार्य सांगतात. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला मुभा दिली आहे, त्यामुळे ख्रिस्ती कुटुंबही दहन मागू शकतं. मुंबईत वरळीच्या स्मशानभूमीत दहन निवडणाऱ्या पारशी कुटुंबांसाठी २०१५ पासून प्रार्थनागृह आहे. एकाच आडनावाच्या दोन घरांत दोन रीती मी पाहिल्या आहेत. विचारलं तर कोणी रागावत नाही. न विचारता हळदकुंकू, गुलालाचं ताट पुढे केलं की मात्र दुखावतात.

नेत्रदान करायचं असेल तर घड्याळ लगेच सुरू होतं. डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. नेत्रपेढीचे लोक येईपर्यंत पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायला सांगा, डोक्याखाली उशी द्यायला सांगा, पंखा बंद करायला सांगा. एसी असेल तर तो चालू ठेवावा. त्वचादानालाही असाच थोडा वेळ असतो. या कामाला वीस-तीस मिनिटं लागतात आणि चेहरा विद्रूप होत नाही, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत तर बरीच घरं तयार होतात.

आणखी एक. पैशांचं बोलणं पहिल्या फोनवर काढू नका, पण चितेजवळ जाईपर्यंत लांबवूही नका. शववाहिका, सामान, गुरुजी, स्मशानाची पावती यांचा खर्च घरातल्या एका जबाबदार माणसाला बाजूला घेऊन कागदावर लिहून द्या. रडणाऱ्या माणसाशी भाव करायची वेळ कोणावरच येऊ नये.

दुसरी पायरी: कागद

इथे घाई केली तर सगळं बिघडतं, म्हणून सावकाश समजून घ्या.

दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर तिथले डॉक्टर मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र नमुना ४ मध्ये देतात. घरी नैसर्गिक मृत्यू झाला असेल तर शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर ते नमुना ४-अ मध्ये देतात. ‘उपचार करणारे’ हा शब्द महत्त्वाचा. गल्लीतल्या ओळखीच्या डॉक्टरांनी माणसाला आधी कधी तपासलेलंच नसेल तर त्यांनी दाखला देऊ नये आणि आपण त्यांना गळ घालू नये. हे प्रमाणपत्र, मृत व्यक्तीचं आणि अर्ज करणाऱ्याचं ओळखपत्र, एवढं घेऊन दहनाची परवानगी मिळते. पुण्यात तिला सगळे पास म्हणतात. काही शहरांत स्मशानातल्या नोंदवहीतच सगळं होतं, गावात ग्रामपंचायतीत जावं लागतं. आधार कार्डाची मूळ प्रत कधीही आपल्याकडे ठेवू नका, झेरॉक्स घ्या.

आता दुसरी बाजू. अपघात, आत्महत्या, भाजणं, बुडणं, विषबाधा, सर्पदंश, मारहाण, कामाच्या ठिकाणी पडणं, किंवा कारणच सांगता न येणारा अचानक मृत्यू असेल तर डॉक्टरांचा साधा दाखला चालत नाही. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, गरजेप्रमाणे शवविच्छेदन होतं आणि मग पोलीस देह ताब्यात देतात. हे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली चालायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ लागू आहे. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईचा संशयास्पद मृत्यू झाला असेल, तिने आत्महत्या केली असेल, किंवा तिच्या नातेवाइकांनी मागणी केली असेल, तर कायदा जास्त कडक आहे. तिथे माहेरचे लोक येण्याआधी सासरच्यांनी ‘आटपून घ्या’ म्हटलं तरी हात लावायचा नाही.

घरचे म्हणतात, “अहो, बाथरूममध्ये पाय घसरला, बाकी काही नाही. कशाला पोलीस? आईची चिरफाड नको.” त्यांचं दुःख खरं असतं, हेतूही बहुतेक वेळा स्वच्छ असतो. तरी पडून डोक्याला मार लागला असेल तर तो नैसर्गिक मृत्यू नव्हे. मी अशा वेळी एवढंच सांगतो की विमा, पेन्शन, घराची वारसनोंद यात उद्या कोणी प्रश्न विचारला तर आज केलेली नोंदच तुमच्या कामाला येईल, आणि अग्नी दिल्यावर ती करता येणार नाही. मग मी स्वतः त्यांच्याबरोबर ठाण्यात जातो. एकटं पाठवत नाही. शवविच्छेदन सहसा दिवसा होतं, त्यामुळे रात्रीचा मृत्यू असेल तर सकाळपर्यंत थांबावं लागेल हेही लगेच सांगून टाका, म्हणजे नातेवाईक उगाच स्मशानात ताटकळत नाहीत.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, असं जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ सांगतो. त्यानंतर विलंब शुल्क आणि वरिष्ठांची परवानगी लागते, वर्ष उलटलं तर थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नवख्यांचा हमखास गोंधळ होतो तो जागेचा. नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते. माणूस साताऱ्याकडचा, गेला पुण्याच्या दवाखान्यात, दहन गावी, तरी मृत्यूचा दाखला पुणे महापालिकेचाच. गावच्या स्मशानाची पावती सांभाळायला सांगा, पण दाखल्यासाठी गावात खेपा घालायला लावू नका. नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तसंच लिहून घ्या. वडिलांचं नाव, आडनाव आणि पत्ता मोठ्याने वाचून दाखवा, आणि घरातल्या शुद्धीवर असलेल्या माणसाकडून होकार घ्या. या एका मिनिटाने त्या घराचे पुढचे सहा महिने वाचतात.

तिसरी पायरी: चेहरा

दवाखान्याच्या शवागारातून देह घेताना पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं, दोरीने बांधलेलं गाठोडं हातात येतं. पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी असते. चिठ्ठी वाचा, आणि तरीही चेहऱ्यावरचं कापड बाजूला करून घरच्या माणसाला दाखवा. एकदा सकाळच्या गर्दीत एका दवाखान्यातून आम्हाला चुकीचा देह दिला गेला. वय तेच, बांधाही तसाच. चिठ्ठी बरोबर होती, ती लावलेली भलत्याच पायाला. घरचे म्हणत होते, “राहू द्या दादा, बघवत नाही.” मी आग्रह धरला. मुलीने चेहरा पाहिला आणि म्हणाली, “हे बाबा नाहीत.” बाबा आत दुसऱ्या ट्रेवर होते. त्या दिवसानंतर मी कापड उघडल्याशिवाय एकही गाडी हलवलेली नाही. पाहणाऱ्याचं नाव आणि वेळ वहीत लिहून खाली सही घ्या.

चौथी पायरी: देहावर आणि देहात काय आहे

हातमोजे प्रत्येक वेळी. कोणता आजार होता हे माहीत असो वा नसो. नाकातोंडातून द्रव येत असेल तर कापूस लावा, हनुवटी पट्टीने बांधा, पायांचे अंगठे एकमेकांना बांधा. देह साधारण दोन ते चार तासांत ताठर व्हायला लागतो, बारा तासांच्या आसपास पूर्ण ताठतो आणि पुढे हळूहळू पुन्हा सैल होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सगळं लवकर घडतं. म्हणून हातपाय सरळ करणं, डोळे-तोंड मिटवणं पहिल्या तासाभरात जमलं तर उत्तम. नंतर जोर लावून हात सरळ करायला जाऊ नका, घरच्यांसमोर तर मुळीच नाही. सांधे मऊ चोळत हळूहळू वळवा, नाही जमलं तर तसेच राहू द्या.

सलाईनच्या नळ्या, लघवीची नळी, सुया दवाखान्यातच काढून घ्यायला सांगा. पोलीस केस असेल तर मात्र देहावरचं काहीही काढायचं नाही, धुवायचंही नाही.

पेसमेकर. हा शब्द मनात कोरून ठेवा. डाव्या खांद्याजवळ, कॉलरबोनखाली कातडीखाली काड्यापेटीएवढा उंचवटा लागतो. कधी तो उजव्या बाजूलाही असतो. आत लिथियमची बॅटरी असते, आणि आगीत ती फुटते. गॅस किंवा विद्युतदाहिनीत त्या स्फोटाने भट्टीच्या विटा निखळतात, दाराजवळ उभ्या असलेल्या ऑपरेटरला इजा होऊ शकते. लाकडाच्या चितेवर निखारे उडतात आणि जवळ कोण असतं? मुलगा. म्हणून तो दहनाआधी काढावाच लागतो. काढायचं काम डॉक्टरांचं, लहानशी चीर देऊन पाच-दहा मिनिटांत होतं. हृदयाला झटका देणारं यंत्र असेल तर ते आधी तंत्रज्ञाकडून बंद करून घ्यावं लागतं, नाहीतर काढणाऱ्यालाच झटका बसू शकतो. घरच्यांना विचारताना ‘पेसमेकर’ शब्द कळला नाही तर “छातीत मशीन बसवलंय का?” असं विचारा. गुडघ्याची किंवा खुब्याची वाटी, हाडातली सळई यांचा धोका नाही. ते धातू राखेत तसेच सापडतात.

किरणोत्सारी औषधाने कर्करोगाचा उपचार नुकताच झाला असेल तर दवाखान्याच्या लेखी सूचनेशिवाय पुढे जाऊ नका.

दागिने घरच्या दोन माणसांसमोर काढा, मोजा, लिहा, लगेच त्यांच्या हातात द्या आणि सही घ्या. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या ठेवायच्या की काढायच्या हे घरातल्या बायकांना विचारा. सुवासिनीला हिरवी साडी, चुडा, मळवट हे त्या स्वतःच्या हातांनी करतील. आपण पाणी, कापड, जागा द्यायची आणि मागे सरायचं. तोंडात सोन्याचा मणी, गंगाजल, तुळशीपत्र ठेवतात. ते ठेवल्याचीही नोंद करा, कारण राख सावडताना मणी कुठे गेला असा प्रश्न हमखास येतो.

पाचवी पायरी: थांबायचं असेल तर

पूर्वी मुलगा मुंबईहून येईपर्यंत थांबायचे, आता तो न्यू जर्सीहून नाहीतर सिडनीहून येतो. पाच-सहा तासांचा प्रश्न असेल तर घरी शीतपेटी चालते. ती खोलीत सपाट जागी, वेगळ्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर लावा. एक्स्टेन्शनवर लावू नका. एक दिवसाहून अधिक थांबायचं असेल तर चार अंशांच्या आसपास ठेवणारं शवागार हाच योग्य मार्ग. शवागारात ठेवण्याआधी घरच्यांना नीट दर्शन घेऊ द्या, कारण बाहेर काढल्यावर देह थंड, ओलसर आणि ताठ असतो. हे आधी सांगितलेलं नसेल तर मुलगा आईच्या कपाळाला हात लावतो आणि दचकून मागे होतो. तेवढ्यासाठी तो सातासमुद्रांपलीकडून आलेला असतो.

सहावी पायरी: लाकूड, वीज की गॅस

निवड कुटुंबाची. आपण माहिती द्यायची.

लाकडाच्या चितेला एका प्रौढ देहासाठी साधारण ३०० ते ४०० किलो सुकं लाकूड लागतं. ज्वाळा दोन-तीन तास, पूर्ण दहनाला चार-सहा तास, आणि राख सावडायला सहसा दुसरा किंवा तिसरा दिवस. पावसाळ्यात ओल्या लाकडाने हा हिशेब कोलमडतो. विदर्भात शेतातल्या पऱ्हाटी-तुराट्यांसारख्या अवशेषांच्या दाबून केलेल्या कांड्या मोक्षकाष्ठ या नावाने वापरतात. नागपुरात त्या बऱ्याच रुळल्या आहेत. लाकूड वाचतं आणि त्या ओल्याही कमी असतात. अनेक गावांत नुसत्या गोवऱ्यांवरही दहन होतं.

विद्युतदाहिनीत भट्टीच्या भिंतींतल्या तारा तापतात, गॅसदाहिनीत बर्नर असतो. आतलं तापमान साधारण ७५० ते १००० अंश सेल्सियसच्या घरात राहतं आणि दीड-दोन तासांत काम पूर्ण होतं. अस्थी त्याच दिवशी मिळतात. पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत हे पर्याय शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे घरच्यांना दाखवून ठरवता येतं. “विजेवर जाळलं तर मोक्ष मिळत नाही का हो?” असं आजीबाई विचारतात. मी उत्तर देत नाही, गुरुजींना बोलावतो. मंत्राग्नी दाहिनीच्या दारातही देता येतो. देह आत जाण्याआधी छातीवर कापूर किंवा चंदनाचा तुकडा पेटवतात. ते सांगितलं की बहुतेकांचा जीव भांड्यात पडतो.

तिरडीबद्दल थोडंच. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, काथ्या किंवा सुतळी, वर कडबा. देह मोठा असेल तर बांबू जाड घ्या आणि मधल्या कामट्या वाढवा. जिना अरुंद असेल तर आधी स्ट्रेचरने खाली आणून तिरडी अंगणात बांधा. नायलॉनची दोरी वापरू नका. मडकं, पाणी, विस्तव हे कोण घेणार ते निघण्याआधी ठरवा.

सातवी पायरी: सरण रचणं

देहात जवळपास दोन तृतीयांश पाणी असतं. म्हणून चितेचा पहिला तास खरं तर वाळवण्यात जातो. हे लक्षात ठेवलं की सरण कसं रचायचं ते आपोआप समजतं. आगीला खालून हवा हवी. ओट्यावर किंवा लोखंडी चौकटीवर सगळ्यात खाली जाड ओंडके, दोन ओंडक्यांत मूठभर अंतर. त्यावर आडवी लाकडं, पुन्हा उभी. बाभळीसारखं घट्ट, जड लाकूड खाली आणि मध्ये, हलकं व लवकर पेटणारं बाजूंना. गोवऱ्या मधल्या फटींत, पण सगळ्या फटी बुजवू नका. नवखा माणूस प्रेमाने भरगच्च रचतो आणि मग चिता धुमसत राहते.

देह ठेवल्यावर छातीवर आणि कंबरेवर सगळ्यात वजनदार लाकडं येतात. याची दोन कारणं आहेत. कंबर आणि ओटीपोटाचा भाग जाड व ओला, तो शेवटपर्यंत राहतो. शिवाय उष्णतेने स्नायू आकसतात, हातपाय वाकतात, कधी धड उचलल्यासारखं दिसतं. वर वजन असेल तर ते दिसत नाही. कवटी फुटल्याचा आवाज येतो, त्याला आपल्याकडे कपाळमोक्ष म्हणतात. गावाकडे तो ऐकूनच लोक घरी वळतात. शहरातल्या तरुण पोरांना हे माहीत नसतं. चिता पेटण्याआधी त्यांना जवळ घेऊन सांगा: “हालचाल दिसली, आवाज आला तर घाबरू नका. तो उष्णतेचा परिणाम आहे. त्यांना काही दुखत नाही.” हे वाक्य मी हजारदा बोललो असेन आणि प्रत्येक वेळी कोणाच्या तरी खांद्यावरचा ताण सैल झालेला पाहिला आहे.

डोकं कोणत्या दिशेला, तोंड वर की कसं, प्रदक्षिणा किती, हे गुरुजी किंवा घरातले वडीलधारे सांगतील. वारा कुठून येतो हे मात्र तुम्ही बघा. माणसं वाऱ्याच्या बाजूला उभी करा, धुराच्या बाजूला नको.

पेट्रोल कधीही नाही. रॉकेल, डिझेलही चितेवर ओतू नका. गरम लाकडावर वाफ धरते आणि कॅनपर्यंत ज्वाळ येते. पुण्यातच अशा भडक्यात नातेवाईक भाजले आहेत. तूप, राळ, कापूर आणि सुकं लाकूड पुरेसं असतं. पावसात पेटत नसेल तर घाई न करता खालच्या थरात सुकी चिपाटं घाला. अग्नी देणाऱ्याच्या अंगावर सुती कपडा असावा, ओलं उपरणं असेल तर उत्तमच. सिंथेटिक शर्ट, लोंबणारी ओढणी असेल तर मागे घ्यायला सांगा.

पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन फेऱ्या घालताना ज्या दगडाने ते फोडतात, तो अश्मा, कुणी जीवखडा म्हणतं. दहाव्यापर्यंत तो लागतो आणि गर्दीत हमखास हरवतो. पांढऱ्या फडक्यात बांधून नाव घेऊन एका माणसाच्या खिशात द्या.

आठवी पायरी: दाहिनी

इथलं मुख्य काम भट्टीत काय जाणार नाही ते पाहणं. नारळ बाहेर काढा, तो फुटतो. काचेची अत्तराची बाटली, प्लास्टिकची गंगाजलाची बाटली, मोबाईल, चष्मा, सिगारेट-लायटर, कानाचं यंत्र, प्लास्टिकच्या दोऱ्यातले हार, नायलॉनची साडी, शवागाराची रबरी किंवा पीव्हीसीची पिशवी, यातलं काही आत जाऊ नये. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा विषारी वायू निघतो आणि काळा धूर शेजारच्या वस्तीत जातो. आवडती वस्तू बरोबर द्यायचीच असेल तर सुती कापड, फुलं, कागदावरचं पत्र चालतं.

फार वजनदार देह असेल तर ऑपरेटरला आधी कळवा. चरबी जोरात जळते, भट्टी आधीच तापून लाल असेल तर धूर आणि तापमान हाताबाहेर जातं. असा देह सकाळी पहिला घेणं चांगलं. भट्टीलाही उसंत लागते. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत सुरतमध्ये दाहिन्या अहोरात्र चालल्या, तेव्हा त्यांचे लोखंडी भाग वितळले होते. ऑपरेटर “तासभर थांबा” म्हणाला तर त्याच्यावर नातेवाइकांचा आवाज चढू देऊ नका.

एका वेळी एकच देह. आधीची राख पूर्ण बाहेर काढल्याशिवाय पुढचा आत नाही. टोकन क्रमांक देहाबरोबर, ट्रेवर आणि नोंदवहीत एकच असायला हवा. तो तुम्ही स्वतः बघा.

नववी पायरी: उभं कुठे राहायचं

अग्नी कोणी द्यायचा यावरून कधी कधी स्मशानातच वाद होतो. दोन भाऊ बोलत नसतात, कधी मुलगी पुढे येते आणि काका नको म्हणतो. मुलींनी, बायकोने अग्नी देणं आता महाराष्ट्रात नवं राहिलेलं नाही. आपण बाजू घेऊ नये, पण मुलीला बोलू द्यावं एवढी जागा नक्की करून देता येते: “काका, ताईंचंही ऐकून घेऊ या.” मी एवढंच म्हणतो.

बाकी वेळ शांत राहा. मोबाईल सायलेंटवर. दुसऱ्या गाडीचा फोन आला तर लांब जाऊन बोला. सहकाऱ्याला हाक मारताना ‘बॉडी आणली का’ म्हणू नका. ‘आजींना आणलं का’ म्हणा.

दहावी पायरी: सावडणं

हाडांतलं पाणी आणि सेंद्रिय भाग जळून जातो, उरतं ते मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. प्रौढ माणसाच्या अस्थी-राखेचं वजन साधारण दोन ते तीन किलो. ते वजनापेक्षा सांगाड्यावर अवलंबून असतं, म्हणून धिप्पाड माणसाचंही ‘एवढंच?’ असं होतं. चितेवर याशिवाय लाकडाची राख भरपूर असते.

चितेवर आधी पाणी किंवा दूध शिंपडतात. वरून गार दिसली तरी आत निखारा असतो, म्हणून हात घालण्याआधी लोखंडी सळईने उकरून बघा. अस्थी पायाकडून डोक्याकडे वेचायची रीत बऱ्याच घरांत आहे. धातूच्या सळया, स्क्रू वेगळे काढून घरच्यांना दाखवा आणि मग विचारून बाजूला ठेवा. कलशात प्लास्टिकची पिशवी घालू नका. गरम अस्थींनी ती वितळून चिकटते. सुती फडकं वापरा. कलशावर नाव, तारीख, टोकन क्रमांक लिहा. लॉकरमध्ये ठेवायचा असेल तर पावतीवर न्यायची तारीखही लिहा.

नाशिकच्या रामकुंडात, आळंदीला, पैठणला, पंढरपूरला अस्थी नेतात. रामकुंडातल्या एका भागाला अस्थिविलय तीर्थच म्हणतात. कलश विमानाने न्यायचा असेल तर मृत्यूचा दाखला आणि दहनाची पावती हातातल्या सामानात ठेवायला सांगा, आणि विमान कंपनीला आधी विचारायला सांगा. नदीत टाकायचं असेल तर अस्थी टाका, निर्माल्य, फोटोची फ्रेम, प्लास्टिक टाकू नका.

आता अनेक घरं राख शेतात किंवा झाडाच्या खड्ड्यात घालतात. चांगलं आहे, पण अस्थींची राख खारी आणि अल्कधर्मी असते. सगळी एकाच खड्ड्यात ओतली तर रोप मरतं आणि घरच्यांना तो अपशकुन वाटतो. ओंजळभर राख, पाटीभर माती आणि शेणखत, असं मिसळून खोल घाला, वर महिनाभराने रोप लावा. उरलेली बांधाच्या कडेने पसरू द्या. आंबा किंवा कडुनिंब लावायचा असेल तर रोप किमान हातभर उंच घ्या.

संध्याकाळी वही पूर्ण करा: नाव, पास क्रमांक, पोलीस कागद असेल तर त्याचा क्रमांक, चेहरा कोणी पाहिला, दागिने कोणाला दिले, पेसमेकर कोणी काढला, टोकन, अस्थी कोणी नेल्या. हातमोजे आणि कापूस साध्या कचऱ्यात टाकू नका, कापूस पिवळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत घालून दवाखान्याच्या जैविक कचऱ्यात द्या. गाडी जंतुनाशकाने धुवा, स्ट्रेचरच्या पट्ट्याही. आणि एकविसाव्या दिवसाआधी त्या घरी एक फोन करा: “दाखल्याचं काम झालं का हो, की मी येऊ बरोबर?”